झाकलेला डबा

गंगुबाईने जाळीच्या कपाटातून पितळेचा डबा काढला, झाकण दोन बोटं उचललं आणि लगेच पुन्हा दाबून बसवलं. मग पदर नाकाशी धरून ती तशीच उभी राहिली. मागे चुलीपाशी रावजी खानसामा लाकडं पुढे सारत होता.

"रावजीदादा, जरा इकडे येता?"

"काय झाला?"

"कालचे साशीज बघा हां जरा."

बार्लो साहेबांच्या बंगल्यात सॉसेजना सगळे नोकर साशीज म्हणत. डुकराच्या मांसाच्या त्या चौदा कांड्या मुंबईच्या बोटीने बर्फात घालून आल्या होत्या. काल संध्याकाळी कोल्हापूरकडून पाहुणे यायचे होते, म्हणून रावजीने त्या दुपारीच तळून ठेवल्या. पण पाहुण्यांची मोटार पालीला मोडली आणि जेवण आज दुपारवर गेलं. तोवर बर्फाचं पाणी झालं होतं. आश्विनातला उकाडा, वारा पडलेला. रावजीने साशीज कढईतून काढले ते वाफेसकट डब्यात भरले आणि वर घट्ट झाकण लावलं. 'आधी निवू तरी द्या,' असं गंगुबाई म्हणाली होती. 'उघडे ठेवून मुंग्यांना घालू?' असं म्हणून त्याने तिला गप्प केलं होतं.

आता तो आला, झाकण काढून डब्यावर वाकला आणि डोळे मिटून त्याने लांब श्वास घेतला. तीस वर्षं साहेबलोकांच्या मुदपाकखान्यात गेलेला माणूस. डुक्कर शिजवी, पण जिभेला कधी लावलं नाही. कच्चं-पक्कं, ताजं-शिळं, मीठसुद्धा तो नाकाने ओळखतो, असं रत्नागिरीतल्या सगळ्या बंगल्यांतले खानसामे सांगत.

"फस्क्लास," रावजी म्हणाला. "तव्यावर परतले की झालं."

गंगुबाई टेबलाच्या पलीकडे होती. तिथवर तो आंबूस वास येत होता.

रावजीचं नाक गेलं आहे, हे बंगल्यात फक्त तिला ठाऊक होतं. ज्येष्ठात त्याला मोठा ताप आला, त्यानंतरची गोष्ट. दूध करपून मुदपाकखाना धुराने भरला होता आणि तो पाठमोरा उभा राहून निवांत कांदा चिरत होता. त्या दिवसापासून ती भांडी घासता घासता लक्ष ठेवी. दूध मी बघते, तूप मी कढवते, असं काहीतरी निमित्त काढी. श्रावणात ती चार दिवस घरी गेली, आणि नेमकी तेव्हाच शिळी मासळी साहेबांच्या ताटात गेली. साहेब तीन दिवस अंथरुणाला खिळले. मेमसाहेबांनी रावजीला बोलावून एवढंच सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर घरी जावं लागेल. घर कुठलं? डुक्कर शिजवतो म्हणून भाऊबंदांनी त्याला कधीच पंगतीतून उठवलं होतं. बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं.

"मला जरा वास वाटतोय," ती हळूच म्हणाली.

"तुला? जन्मात कधी तोंडात घातलायस? असाच असतो त्याचा वास."

"मेमसायबांना विचारू?"

रावजीने झाकण टेबलावर आपटलं.

"विचार. जा विचार. रावजीला आता भांडीवाली शिकवते म्हणून सांग."

तो कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडायला मागच्या खोपीत निघून गेला.

गंगुबाईने दाराकडे पाहिलं. कुऱ्हाडीचा पहिला घाव ऐकू आला तशी तिने डबा पदराखाली घेतला, परसात फणसाच्या मागे गेली आणि कचऱ्याच्या खड्ड्यात तो पालथा केला. कांड्या खाली पडताना एकमेकींना चिकटून आल्या. वर तिने भिंतीकडचा चुना ओतला, पायाने माती लोटली. कुऱ्हाडीचा आवाज चालूच होता. ती परतली, डबा राखेने घासला, पुसला आणि टेबलावर ठेवला. आता पुढे काय, ते तिने अजून ठरवलंच नव्हतं. मांजरावर घालावं तर कपाटाला खिटी होती.

आणि मेमसाहेब आत आल्या.

मेमसाहेब मराठी बोलत. पंतोजी ठेवून शिकल्या होत्या, त्यामुळे पुस्तकातल्यासारखं बोलत आणि नोकरांनाही तुम्ही म्हणत. त्यांनी टेबलावरचा लखलखीत डबा पाहिला, कपाट उघडून पाहिलं, पुन्हा डब्याकडे पाहिलं.

"गंगुबाई, सॉसेज कोठे आहेत?"

त्याच वेळी रावजी लाकडांची मोळी घेऊन दारात आला आणि रिकामा डबा पाहून तिथेच थबकला. मागे रांजणात पाणी ओतायला सखू आली होती. सखू गंगुबाईची धाकटी जाऊ, बंगल्यावर पाणी भरायची. तिनेही घागर तशीच कमरेवर धरून ठेवली.

"ते नासले होते काय?" मेमसाहेबांनी विचारलं. विचारलं गंगुबाईला, पण नजर रावजीवर होती.

रावजीने मोळी छातीशी घट्ट धरली.

"नाय मेमसायब," गंगुबाई म्हणाली. "मी खाल्ले."

"तुम्ही?"

"होय."

"चौदाही?"

"भूक लागली होती."

सखूची घागर कलंडली आणि पाणी उंबऱ्यावरून आत आलं. गंगुबाईला तेव्हा कुठे आपण काय बोललो ते समजलं. चिमाचं, तिच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न मार्गशीर्षात व्हायचं होतं. संगमेश्वराकडचं घर, सोवळ्या-ओवळ्याची माणसं. साहेबाची भांडी घासते एवढं त्यांनी कसंबसं चालवून घेतलं होतं.

"चव कशी होती?" मेमसाहेबांचा आवाज शांत होता.

गंगुबाईने डब्याकडे पाहिलं.

"खारट."

मेमसाहेबांनी पुन्हा एकदा रावजीकडे पाहिलं. मग बाहेर व्हरांड्यात गेल्या. सखूने अर्धी घागर तशीच सावरली आणि पाठ फिरवून पायवाटेला लागली. रांजणात पाणी ओतायचंही ती विसरली.

मोळी खाली ठेवून रावजी दारातच टेकला.

"कुठं टाकलेस?"

"फणसाखाली. चुना घातलाय वरती."

"वास येत होता?"

तिने मान डोलावली.

"लांबून?"

"इथं उभी होते, इथवर."

रावजीने दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले.

"कधीपासून ठाऊक हाय तुला?"

"दूध करपलं तेव्हापासून."

उंबऱ्यातलं पाणी त्याच्या पायापर्यंत आलं होतं. मग एकाएकी तो उठला, धोतरावर गुंडाळलेला पंचा सोडून भिरकावला आणि पायवाटेने धावत सुटला. साठीचा माणूस, अनवाणी.

"सखू! ए सखू, थांब गो!"

गंगुबाई दारापर्यंत आली. फाटकापाशी त्याने सखूला गाठलं होतं. तो हातवारे करत होता. फणसाकडे बोट दाखवत होता, मग स्वतःच्या नाकाकडे. आवाज इतका मोठा की अर्धंअधिक तिला इथे ऐकू येत होतं. "तिनं नाय खाल्लान! गळ्याची शपथ! माझं नाक मेलंय, सखू, ज्येष्ठापासून मेलंय! वाडीत सांग, विहिरीवर सांग, कुणालाही सांग!" सखू मान खाली घालून ऐकत होती. तिला पटलं की नाही, ते इतक्या लांबून कळेना. घागर सावरून ती गेली.

गंगुबाईने वळून पाहिलं. व्हरांड्याच्या कठड्याला धरून मेमसाहेब उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"गंगुबाई."

"जी."

"पाहुणे एक वाजता येतील. आज मासळी करू. रावजींना बाजारात जाण्यास सांगा." त्या आत जायला वळल्या, पुन्हा थांबल्या. "तुम्हीही बरोबर जा. यापुढे दररोज जा."

रावजी परत आला तेव्हा त्याच्या धोतराला चिखल लागला होता. चुलीवरचं आधण उकळून निम्मं झालं होतं.

"सखू काय म्हणाली?" तिने विचारलं.

"काय नाय. ऐकून घेतलान." त्याने धाप टाकली. "मेमसायब?"

"बाजारात जायला सांगितलान. मासळीला. दोघांना."

"दोघांना?"

"असंच म्हणाल्या."

रावजीने चुलीतली लाकडं मागे ओढली, पाय धुतले, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. कोपऱ्यातली टोपली उचलली, क्षणभर हातात धरली आणि गंगुबाईच्या हातात दिली. मग तिला पुढे जाऊ देऊन तो मागून चालू लागला.