डिरेक्टरीबाईंच्या डोक्यावरचा मी

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. गाणी ऐकायचा नव्हे हं, कामाचा. एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोनच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. माझी डोक्यावरची पट्टी मोडली आहे आणि तिला वॉर्डातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आहे. ऐकून ऐकून कान किटले, असं तुम्ही म्हणता ना? मी तर नुसता कानच. माझं काय झालं असेल ते बघा! फार थकलो आहे. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मला बायकांनीच घडवलं. कारखान्यातल्या एका लांब टेबलाशी त्या ओळीनं बसलेल्या असत. एकीनं केसासारख्या बारीक तारा जोडल्या, दुसरीनं स्पंजच्या काळ्या गाद्या बसवल्या. शेवटच्या बाईनं मला कानाला लावून "हॅलो, हॅलो" केलं आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते थेट या खोलीत. इथं एक टेबल आहे, दिव्यांच्या बटणांचा बोर्ड आहे, फिरती खुर्ची, एक स्टूल आणि कधीच पुरती न उघडणारी खिडकी.

मला ज्यांनी पहिल्यांदा डोक्यावर चढवलं त्या बाई तेव्हा तरुण होत्या. सगळे त्यांना डिरेक्टरीबाई म्हणत, कारण रुग्णालयातल्या प्रत्येक विभागाचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. समोरचा "एक्स-रे द्या" म्हणेपर्यंत त्यांचं बोट बटणावर गेलेलं असे. कोणते डॉक्टर रजेवर आहेत, कोणत्या वॉर्डाचा फोन खरखरतो, कोणती सिस्टर कुणाशी अबोला धरून बसली आहे, सगळं डोक्यात. मोठे डॉक्टरसुद्धा म्हणत, "बाई, तुम्ही रजा घेतली की रुग्णालय मुकं होतं." तेव्हा मला वाटायचं, वा, काय डोक्यावर बसलोय आपण!

या खोलीत मोबाईल चालत नाही. त्यामुळे बाईंच्या घरचे फोनही रुग्णालयाच्या नंबरावर, म्हणजे माझ्याच कानात यायचे. "आई, माझा निळा स्वेटर कुठंय?" "अगं, माझ्या आईची गोळी जेवणाआधी की नंतर?" "प्लंबरचं नाव काय गं?" बाई इकडे हृदयविभाग जोडायच्या आणि तिकडे स्वेटर शोधून द्यायच्या. कपाटात, खालून दुसरा कप्पा, उजवीकडे. त्यांचं डोकं म्हणजे रस्त्यावरचा नळ झाला होता. कुणीही यावं आणि आपली बादली भरून न्यावी.

मग बाई पन्नाशीला आल्या आणि काहीतरी बदललं. मी डोक्यावरच बसलेला, त्यामुळे मला सगळ्यांच्या आधी कळलं. खोली गार असायची, पंखा चालू असायचा, आणि एकाएकी त्यांच्या मानेतून आग वर चढायची. माझ्या गाद्या घामानं चिंब व्हायच्या. थोड्या वेळानं त्यांनाच हुडहुडी भरायची. जरा उसंत मिळाली की त्या डोळे मिटून पुटपुटायच्या, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही." आणि शब्द हरवायला लागले. "ते पाठवा हो, ते चाकाचं..." त्यांना व्हीलचेअर म्हणायचं असायचं. ऐन जिभेवर आलेला शब्द तिथंच बसून राहायचा.

टेलिफोन विभागाचे साहेब विनोदी. "डिरेक्टरीची पानं गळायला लागली वाटतं," म्हणून ते हसले. बाईही हसल्या. माझ्या गाद्या मात्र पुन्हा घामानं ओल्या झाल्या होत्या.

एके दुपारी बालविभागातून फोन आला. सिस्टर ओरडत होती, "रक्तपेढी द्या, लवकर!" बाईंचं बोट हवेतच थांबलं. रोज शंभरदा लावलेला नंबर, आणि डोक्यात नुसता काळोख. त्यांनी घाईघाईनं एक बटण दाबलं. पलीकडून स्वयंपाकघरातला आचारी म्हणाला, "भात संपला हो, आता उद्या." सिस्टर किंचाळली. बाईंनी लगेच दुरुस्त करून रक्तपेढी जोडली. रक्त वेळेवर पोचलं, बाळ वाचलं. पण बाईंचा धीर तुटला तो तुटलाच. त्यांनी मला काढून टेबलावर ठेवलं.

संध्याकाळी साहेब खोलीत आले तेव्हा बाई म्हणाल्या, "या महिन्याअखेर मला मोकळं करा. माझ्या हातून कुणाचा तरी जीव जाईल." साहेबांना पहिल्यांदाच विनोद सुचला नाही.

पुढचे दिवस जड गेले. बाई प्रत्येक नंबर लावताना ओठांतल्या ओठांत पुटपुटून खात्री करायच्या. स्त्रियांच्या विभागातल्या डॉक्टरीणबाई आमच्या जुन्या. वर्षानुवर्षं रोज बोलणं व्हायचं, पण दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. एकदा त्यांनी प्रयोगशाळा मागितली आणि बाईंनी तीनदा विचारलं, "कुठं म्हणालात?" तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प्रयोगशाळा राहू द्या. मीच खाली येते."

त्या आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बाई, तुम्ही एवढ्याशा? आवाजावरून मला वाटलं, चांगल्या उंचनिंच असाल!" मग स्टूल ओढून बसल्या. "आता सांगा, काय होतंय?"

बाई आधी "काही नाही हो" म्हणाल्या. मग त्यांनी मला गळ्यात अडकवलं आणि त्यांना एकदम रडूच फुटलं. "माझ्या आईचं असंच झालं, डॉक्टर. शेवटी मलाच विचारायची, तुम्ही कुणाकडे आलात? मीही त्याच वाटेनं चाललेय."

"आपण विसरतोय, हे आईंना कळायचं?"

"छे! आमच्यावरच चिडायची."

"आणि तुम्हाला रक्तपेढीचा नंबर नंतर आठवला?"

"फोन ठेवल्या ठेवल्या."

"मग आधीच स्वतःला त्या वाटेला लावू नका. नीट तपासू, मग बोलू. पाळीचं काय?"

"वर्षभर कधी येते, कधी नाही."

"झोप?"

बाई ओल्या डोळ्यांनी हसल्या. "ती कुठल्या खिडकीवर मिळते?"

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. पाळी जायच्या वयात अंगाला झळा लागतात तशी मेंदूलाही झळ बसते. झोप मोडते, लक्ष उडतं, शब्द सापडत नाहीत. पुष्कळ जणींना होतं आणि बहुतेकींचं हळूहळू सावरतं. पण अंगावर काढायचं नाही.

"हे मला कुणी कसं सांगितलं नाही?" बाईंनी विचारलं.

"मीसुद्धा नाही सांगितलं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "रोज बोलत होते तुमच्याशी. चुकलंच माझं."

तपासण्या झाल्या. आईचा आजार नव्हता. रक्त कमी होतं, एक जीवनसत्त्व कमी होतं, आणि झोप तर नव्हतीच. औषध सुरू झालं. काम सुटल्यावर बाई चालायला जाऊ लागल्या. सगळे नंबर त्यांनी मोठ्या अक्षरांत भिंतीवर चिकटवले आणि बिनदिक्कत बघून लावू लागल्या. घरून फोन आला, "अगं, माझा चष्मा कुठंय?" बाई म्हणाल्या, "अहो, मला माहीत नाही. शोधा की." पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं, लाइन तुटली!

महिना संपला. साहेब दारात येऊन अवघडून उभे राहिले. "मग बाई, निरोपाचा गुच्छ मागवू ना?"

"मागवा. इथं टेबलावर छान दिसेल," बाई म्हणाल्या. "मी थकलेय, साहेब. पण मी कुठं जात नाही."

आजही त्या पुरत्या बऱ्या नाहीत. कधी कधी शब्द अडतो, मग त्या थांबतात, समोरच्यालाही थांबवतात. मीही किती दिवस टिकेन कोण जाणे. पण मित्रांनो, मनात एक सल आहे. मी साधं यंत्र. दर सहा महिन्यांनी एक माणूस येतो, माझ्या तारा तपासतो, गाद्या बदलतो, मला कानाला लावून नीट ऐकू येतं ना बघतो. मी ज्या डोक्यावर बसतो, त्या डोक्याची इतक्या वर्षांत एकदाही तपासणी झाली नव्हती.

म्हणून आज घरी गेलात की काहीही मागायच्या आधी आईला विचारा, काल झोप लागली का? ती आधी "हो, लागली की" म्हणेल. तेवढ्यावर जाऊ नका. तिच्याजवळ जरा बसून राहा.