बाई थांबल्यात, अडकल्या नाहीत

या, जरा जवळ सरका, पाय सैल सोडून बसा. एका बोलक्या बाईंच्या गप्प बसण्याची गोष्ट आहे. हसू आलं तर खुशाल हसा. देवाला हसरी माणसं आवडतात.

एका जुन्या शाळेत मुलं इतकी, की बाकावर चौघं बसायची आणि पाचवं देवाच्या भरवशावर टेकायचं. त्यात वरच्या मजल्याचं छत खचलं आणि मजल्याला कुलूप लागलं. मग खालच्या एकाच खोलीत मधोमध कपाटं लावून दोन वर्ग भरू लागले. अलीकडे गणिताच्या बाई, पलीकडे इतिहासाचे सर, आणि दोघांचेही आवाज खणखणीत! सुरुवातीला लढायांत अपूर्णांक घुसायचे. मग न बोलताच तोडगा निघाला. सर बोलू लागले की बाई थांबत, अलीकडची मुलं गणितं सोडवत. बाई बोलू लागल्या की सर थांबत. वर्षानुवर्षं असं चाललं. गवई श्वास कुठे घेणार हे साथीदाराला कळावं, तसं.

पुढे मुलं आणखी वाढली, तेव्हा शिक्षण खात्याच्या साहेबांनी कॅमेरा आणि पडदा पाठवला. सर भिंतीपलीकडे, मागच्या अडगळीच्या खोलीत गेले. बाईंचा अर्धा वर्ग शाळेत राहिला, अर्धा रस्त्यापलीकडच्या सभागृहात पडद्यासमोर बसला.

"महिनाभर बघू," साहेब म्हणाले. "नाही जमलं, तर ही अर्धी मुलं लांबच्या शाळेत धाडावी लागतील."

बाई मनातल्या मनात चरफडल्या. धाडायचं म्हणजे काय, पोरं आहेत की पार्सलं?

पहिल्याच दिवशी शिकवता शिकवता बाई सवयीने थांबल्या. सभागृहात ओरडा झाला, "बाई हँग झाल्या!" निम्मी पोरं अंगणात पळाली. देखरेखीला बसलेल्या ताईंनी घाबरून तार ओढली आणि बाई खरोखरच गायब झाल्या. रोज तीच तऱ्हा. मग बाईंनी न थांबता बोलून पाहिलं. घसा बसला आणि मुलांची सगळी गणितं चुकली.

"तुमच्यामुळे झालंय हे," चहा पिताना त्या सरांना म्हणाल्या.

"माझ्यामुळे? मी तर भिंतीपलीकडे आहे!"

"तरी तुमच्यासाठी थांबते ना मी!"

सर हसले. "मीही थांबतो हो. पोरं म्हणतात, सरांना विसर पडायला लागला." मग हळूच म्हणाले, "थांबणं सोडू नका. थांबल्यावर काहीतरी हलवत राहा."

बाईंनी चष्मा काढून दोरीने झुलवायला सुरुवात केली. चष्मा झुलतोय तोवर बाई ठीक आहेत, आपण गणित सोडवायचं, हे मुलांना पक्कं ठाऊक झालं.

महिना सरला. साहेब सभागृहात येऊन बसले. बाईंनी गणित घातलं आणि थांबल्या. पण साहेबांच्या धास्तीने चष्मा नाकावरच राहिला! पडद्यावर बाई दगडासारख्या स्तब्ध.

"अडकलं वाटतं," म्हणत साहेब उठले आणि तारेकडे हात नेला.

एकही मूल जागचं हललं नाही. पुढची एक मुलगी मान वर न करता म्हणाली, "बसा हो साहेब. बाई थांबल्यात, अडकल्या नाहीत."

"कशावरून?"

"आत्ता सर बोलत असतील."

साहेबांनी मागे वळून पाहिलं. सगळ्या माना खाली, सगळ्या पेन्सिली चालू. ते परत खाली बसले, आणि शेजारच्या मुलाच्या वहीत डोकावून स्वतःच गणित सोडवू लागले. तेवढ्यात पडद्यावरून खणखणीत आवाज आला, "झालं का रे सगळ्यांचं?"

"थांबा बाई, माझं राहिलंय!" साहेब ओरडले.

त्या दिवसापासून लांबच्या शाळेचं नाव कुणी काढलं नाही. कॅमेरा राहिला, पडदा राहिला, आणि मुलं बाईंचीच राहिली.

तेव्हा बाबांनो, कधी आपलं बोलणं आवरून दुसऱ्याला बोलू दिलंत, तर भिंतीपलीकडच्या त्या इतिहासाच्या सरांची आठवण काढा. एवढंच मागणं.