ताणू नका, फोटो हलतो

मित्रांनो, आमच्या शाळेतल्या ललित सरांची एक सवय मला मुळीच पटत नाही. शिक्षण खात्याच्या साहेबांना काही पाठवायचं असलं की ते मला कपाटामागून ओढून काढतात, मुलांना दोन्ही बाजूंनी उभं करतात आणि म्हणतात, "नुसतं धरा. ताणू नका, फोटो हलतो." फोटो 'रस्सीखेच' म्हणून वर जातो, मी कपाटामागे जाते आणि मुलं गणिताला बसतात. पाट मांडला, ताट वाढलं आणि जेवू नका म्हटलं, तसली ही गत.

मी एक जुनी रस्सी आहे. एरंडोलच्या चिंधानानांनी मला अंबाडीच्या वाखातून वळलं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, ही म्हण आमच्याच घराण्यावरून पडली, हे ध्यानात असू द्या. शाळेत जन्म गेला, तरी मला अक्षर येत नाही. पण हात ओळखते. कोण जोर लावतो आणि कोण नुसते दातओठ खातो, ते मला धरताक्षणी कळतं.

वर्षभर मी शाळेची आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावाची. सणाला माहेरी आलेल्या लेकी मला कडुनिंबाला बांधून झोका घेत. धीट पोरी तर पाटावर उभ्या राहून. शाळेत मुली विरुद्ध मुलगे असा सामना लागला की सगळं गाव कुंपणाशी जमे. आज शाळा समितीच्या अध्यक्ष असलेल्या कोकिळाबाई तेव्हा मुलींच्या शेवटी, मला कमरेला गुंडाळून उभ्या राहत. त्यांना हलवणारा पोरगा गावात जन्मला नव्हता.

मग ललित सर आले. माणूस वाईट नाही. मुलं परीक्षेत मागे पडू नयेत म्हणून जिवाचं रान करतात. पण खेळाचा तास त्यांना रिकामा वाटला. तिथे त्यांनी गणित घातलं आणि मला उंदीर हुंगू लागले.

यंदाच्या आखाजीला कोकिळाबाईंनी मला झोक्यासाठी मागून नेलं. चौथीत जाणारी रूपा पाटावर उभी राहिली. झोका चढला तशी तिची बोटं माझ्यावरून घसरू लागली. मी अंग खरखरीत करून पाहिलं, पण धरायचं काम हातांचंच असतं. पोर पडली, मनगट मुरगळलं.

सर तिला बघायला आले आणि म्हणाले, ही रस्सीच धोक्याची, शाळेतून काढून टाकू. कोकिळाबाई थंडपणे म्हणाल्या, "दोरले नाव नका ठेवा, सर. पोरना हातमा जोर नही शे." सरांचं मत बदललं नाही.

शाळा उघडली आणि गावातले शेतकरी पुनाभाऊ केळीची झाडं बांधायला दोर मागत आले. विळा बरोबरच होता; माझे तुकडे करायचे ठरले. सर मला खांद्यावर टाकून फाटकाकडे निघाले. माझं टोक मागे मातीत फरफटत होतं. ते रूपाने धरलं.

"रूपा, सोड."

"नही सोडस, सर. पुढनी आखाजीले मले उभं राहीसन झोका खेयना शे."

सर हसले आणि जरा ओढलं. रूपाच्या टाचा घसरल्या, मूठ सुटली नाही. मग मागून समाधानने धरलं, दिपमालाने धरलं, मग सगळा वर्गच लागला. आता सरांनाही चेव चढला. पुनाभाऊ विळा बगलेत धरून म्हणाले, "सर, दोराचं मागून बघू, आधी इज्जत सांभाळा." माझा पीळ करकरला. किती वर्षांनी मी सरळ झाले, मित्रांनो! सर एक पाऊल सरकले, दुसरं सरकले आणि धप्पकन मातीत बसले.

आता मार बसणार म्हणून मुलांनी हात मागे घेतले, पण रूपाने टोक सोडलं नव्हतं. सर आपल्या लाल तळहातांकडे बघत राहिले. मग मी जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं:

"ऐका, ललित सर. पोरांनी तुम्हाला पाडलं, यात लाज नाही. पोरांचे हात बसवून कच्चे ठेवलेत, ती लाज. खेळाचा तास त्यांचा आहे, त्यांना परत द्या. मला कोरड्या जागी ठेवा, उंदरांपासून जपा, पण जपायचं म्हणून बांधून ठेवू नका. न वापरलेली रस्सीही कुजते आणि न वापरलेला हातही. उठा आता, माती झटका आणि रूपाच्या मागे जाऊन उभे राहा. तुम्हालाही शिकायचं आहे."