पाहुण्यांच्या नावानं

"आज पाहुणे किती?" हॉटेलचं जेवण घेऊन दारात उभ्या कुसायकाकांनी पिशव्या पुढे करत विचारलं.

"चार," मी म्हणाले. खोटं बोलताना आता जीभही अडखळत नव्हती.

"मालकानं लोणचं जास्त दिलंय. म्हणाला, करकच्या मुलीचं घर आहे, पाहुण्यांना कमी पडायला नको."

दार लावून मी पलंगावर बसले. चार शोरमा, बटाट्याचे तळलेले काप, लसणाची चटणी. पाहुणे? कसले डोंबलाचे पाहुणे! चारही मीच. सकाळचा पेपर पार बिघडला होता. करकहून इकडे इर्बिदला फार्मसी शिकायला आल्यापासून हे असंच. परीक्षा आली की हात फोनकडे जातो. खोलीतली दुसरी मुलगी लग्न करून गेली, तेव्हापासून तर रोखणारंही कुणी नाही. जेवण मागवायचं ॲप तीनदा काढून टाकलं, तर हॉटेलचा नंबरच पाठ झाला. एकटीसाठी एवढं मागवायची लाज वाटली म्हणून पहिल्यांदा पाहुणे आलेत म्हटलं, आणि ते पाहुणे काही जाईनात. महिनाअखेरीला पैसे संपले तेव्हा बाबांनाही तेच सांगितलं, मैत्रिणी येतात हो जेवायला. बाबा केवढे खूश! पेन्शनमधून दर महिन्याला वीस दिनार जास्त पाठवायला लागले. तेही मी गिळले.

तिसऱ्या शोरम्याला मळमळायला लागलं, तरी खातच होते. हनुवटीवर चटणी, बोटं तेलकट, पलंगाखालच्या जुन्या डब्यांचा आंबट वास. शी! माणूस आहेस की उकिरड्यावरची शेळी, असं स्वतःलाच म्हटलं आणि पुढचा घास घेतला.

दारावर थाप पडली. उघडलं तर बाबा! जुना लष्करी कोट, डोक्यावर इस्त्रीचा लाल रुमाल.

"इथं एका जुन्या साथीदाराच्या घरी सांत्वनाला आलो होतो. म्हटलं, पोरीला बघून जावं." आत येता येता त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "खाली तो जेवण पोचवणारा सिगारेट ओढत बसलाय. तुझं दार विचारलं, तर म्हणाला, हे घर कधी पाहुण्यांशिवाय नसतं. ऊर भरून आला गं, जुमाना! कुठायत सगळ्या?"

खोलीत एकच ताट होतं.

"गेल्या का?" बाबांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. पण तोंडातला घास अजून गिळवत नव्हता, आणि स्वतःचीच इतकी किळस आली होती की आणखी एक खोटं बाहेर येईना.

"कुणी नव्हतं, बाबा. कधीच कुणी नव्हतं. सगळं मीच खाल्लं."

"एकटीनं?"

आमच्या करकमध्ये चोराला एक वेळ माफ करतील, पण दार लावून एकट्यानं जेवणाऱ्याला माणसात धरत नाहीत. मी मान हलवली.

बाबा दुखरा गुडघा टेकून खाली बसले आणि पलंगाखालचे डबे एकेक करून ओढायला लागले. एकावर हिरवी बुरशी चढली होती. त्यांनी त्या स्वच्छ रुमालाचं टोक नाकाला लावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, ते वीस दिनार आता नकोत."

"नाही पाठवणार."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आई. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, मागे शेजारणींची कुजबुज. "पोचलात का हो पोरीकडं? आहेत का कुणी पाहुणे? इथं सगळ्या विचारतायत."

खोटी साक्ष द्यायची नाही म्हणून सख्ख्या भावाशी बारा वर्षं अबोला धरलेला माणूस. बाबांनी घसा खाकरला.

"होत्या," ते म्हणाले. "चौघी होत्या. मीही पोटभर जेवलो."

फोन खिशात टाकून ते उठले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात धुवायला पाणी दे."