मास्तरांच्या बदकांची मऊ अंडी

अंडं हातात घेतल्यावर ते हातात राहावं, याहून जास्त अपेक्षा शरच्चंद्र मास्तरांनी बदकांकडून कधीच केली नव्हती. पण माघ लागला आणि त्यांच्या लोणावळ्याच्या आवारातली साठ बदकं अशी अंडी घालायला लागली की उचलताना बोट आत जावं. काहींचं कवच पापडाइतकं, काहींना नुसताच पापुद्रा.

तळेगावच्या शाळेतली कायमची नोकरी सोडून मास्तर या धंद्यात पडले होते. स्वतः त्यांनी जन्मात अंडं चाखलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं या विषयातलं ज्ञान निव्वळ शास्त्रीय होतं. गिऱ्हाईक एकच, स्टेशनाजवळचं साहेबलोकांचं हॉटेल. तिथल्या बटलरनं गेल्या सोमवारी शांतपणे सांगितलं होतं की पुढच्या सोमवारी निम्मी तरी टोपली टणक निघाली नाही, तर तो पुण्याहून कोंबडीची अंडी मागवणार. लोणावळ्यात बदकाचं अंडं दुसरं कुणी खात नव्हतं. म्हणजे सोमवारी एक तर अंडी घट्ट व्हायची, नाहीतर मास्तरांनी सासऱ्यांना पैशांसाठी पत्र लिहायचं.

उपाय मास्तरांना महिन्यापूर्वीच सापडला होता. शेतकी खात्याच्या पत्रकात लिहिलं होतं की नुसत्या भाताच्या कोंड्यावर बदकांना चुना पुरत नाही. मग ती अंड्यासाठी स्वतःच्या हाडांतला चुना काढतात आणि लंगडायला लागतात. तेव्हा हाडांची पूड द्यावी, किंवा शिंपल्यांची भरड. हाडं घरात आणायला नीरजाबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीनं, साफ नकार दिला. शिंपले समुद्रातले, शंखाचे भाऊबंद, म्हणून पास झाले. पनवेलच्या खाडीवरून दोन पोती आली. मास्तर रोज दुपारी स्वतः लोखंडी खलात शिंपले कुटत आणि कोंड्याच्या पिंपात कालवून ठेवत.

काही फरक पडेना. त्यांनी भरड दुप्पट केली, मग चौपट. खांदे भरून आले. खात्याला तीन पत्रं गेली. पहिल्याला उत्तर आलं, पत्र पोचलं. दुसऱ्याला, मात्रा वाढवून पाहावी. तिसऱ्याला, पाणी बदलून पाहावं. इकडे बदकं लंगडत होती आणि मंगळवारी एक मादी अंडं अडकून मेली. मास्तरांच्या वहीत ती 'क्रमांक सतरा' होती. तिला मांडीवर घेऊन दुपारभर कोमट पाणी सोडत बसलेली रतनबाई तिला तांबडी म्हणायची. रतनबाई वडिवळ्याची, भाताच्या शेतात वाढलेली. बदकांचं खाणंपिणं तिच्याकडे होतं. तांबडीला तिनंच पुरलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

गुरुवारी सकाळी कामशेतचा कोंड्याचा व्यापारी हौशीराम दारात येऊन उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसेना.

"मास्तर, वैनींनी निरोप धाडला, मी कोंड्यात खडे घालतो म्हनून. तीन गावं माजा कोंडा खात्यात. गुरं खात्यात म्हंजे."

नीरजाबाई आतूनच म्हणाल्या, "घालताच. रोज चाळणभर निघतात. आणि महिनाभर बघतेय, दिवसेंदिवस वाढतायत."

"निघतात?" मास्तर म्हणाले. "कशातून निघतात?"

रतनबाईनं चाळण आणून दाखवली. ती रोज पहाटे कोंडा चाळून मगच भिजवत असे. चाळणीत पांढऱ्या कपच्यांचा ढीग होता. आपल्याच मनगटांची मेहनत ओळखायला मास्तरांना वेळ लागला नाही. बाकीच्या कपच्या कुठे टाकल्या म्हणून विचारलं, तर ओढ्यात. म्हणजे महिनाभर मास्तर इंद्रायणीला शिंपले पुरवत होते, आणि कोकणातले.

मास्तरांचा आवाज चढला. ते खडे नव्हते, औषध होतं, त्यावाचून बदकं मरत होती, असं बरंच काही ते बोलले. रतनबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग मला सांगितलं कुटं तुमी?"

मास्तर आठवू लागले. त्यांनी खात्याला सांगितलं होतं. हॉटेलच्या मॅनेजरला आकडेवारीसकट सांगितलं होतं. स्टेशनमास्तरांना तर दोनदा. घरात मात्र शिंपले कोंड्याच्या पिंपात जातात हे नीरजाबाईंनासुद्धा ठाऊक नव्हतं. रतनबाईला कळणार नाही, उगाच वाद घालील, म्हणून ती जेवायला गेली की ते गुपचूप कालवत होते.

हौशीराम आता बसला. चहाही घेतला. "म्हंजे खडं खाल्लं की अंडं घट हुतं?" त्यानं विचारलं. "आमच्या कोंबड्या रस्त्याची खडी टिपत्यात. त्यास्नी कुनी पत्रक धाडलंतं?"

मास्तरांनी त्याच्यासाठी दुसरा कप मागवला.

पण रतनबाई हटेना. न चाळलेलं ती कुणाच्याच पुढ्यात ठेवणार नव्हती, माणूस असो की बदक. ते पाप तिला नको होतं. शुक्रवारी सकाळी मास्तर स्वतःच घमेलं घेऊन तळ्यावर गेले. त्यांना बघून बदकं पलीकडच्या काठाला गेली आणि तिथंच राहिली. अर्ध्या तासानं तडजोड झाली. चाळलेला कोंडा रतनबाईनं घालायचा, आणि शिंपले मास्तरांनी वेगळ्या परातीत ठेवायचे. पाप मास्तरांच्या नावावर.

रतनबाईनं हाक घातली, बदकं आली. कोंड्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. लंगडणारी, न लंगडणारी, सगळी परातीवर पडली. ताटावर दगड पडावेत तसा आवाज येत होता. रतनबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"तांबडीनंबी खाल्लं असतं," ती म्हणाली.

मास्तरांनी परातीत आणखी एक ओंजळ टाकली.

सोमवारी टोपलीत चाळीस अंडी होती. बटलरनं प्रत्येकावर चमचा वाजवला. टणक निघाली तेरा.

"निम्मी ठरली होती," तो म्हणाला.

मास्तरांनी खिशातून पत्रक काढलं आणि परत ठेवलं. मग त्यांनी जे झालं ते सांगितलं. एक बाई इमानानं चाळत होती आणि आपण तिला सांगितलं नव्हतं. बटलरच्या हाताखाली आठ माणसं होती, न सांगितल्यानं काय होतं ते त्याला ठाऊक होतं. तो हसला नाही. आणखी एक सोमवार बघू, म्हणाला, आणि तेरा अंडी ठेवून घेतली.

मास्तर घरी आले ते थेट तळ्यावर गेले. आठ दिवस मिळाल्याचं त्यांनी रतनबाईला सांगितलं. चुना नक्की करतो तरी काय, असं तिनं विचारलं. मास्तर बांधावर बसले आणि त्यांनी अगदी मुळापासून सांगायला घेतलं. अंड्याचं कवच कशाचं, हाड कशाचं, कोंड्यात काय नसतं. ती मान हलवत ऐकत होती. मास्तर पत्रकाच्या दुसऱ्या पानावर आले तेव्हा ती उठली. बदकांची वेळ झाली होती.