गिरणीवाल्या मोहिनीच्या कानातली रिकीब

मी रिकीब बोलतेय. घोडेस्वाराच्या पायातली नव्हे, कानातली. आकार तसलाच, म्हणून हे नाव पडलं. बाजरीच्या दाण्याएवढी आहे मी. माणसाच्या अंगातलं सगळ्यात लहान हाड. सायखेड्याच्या मोहिनीच्या उजव्या कानात माझा मुक्काम. तिची पिठाची गिरणी आहे.

माझं घराणं फार जुनं. आमचे पूर्वज माशाच्या जबड्याला टेकू द्यायचे. ऐकणं हे आमचं काम नव्हतंच. पुढे प्राणी जमिनीवर आले. पाण्यातला आवाज अंगात सहज शिरायचा, हवेतला शिरेना. मग आम्ही पिढ्यानपिढ्या बारीक होत गेलो आणि कानाच्या पडद्याची थरथर आत पोचवू लागलो. माझ्या शेजारणी हातोडी आणि ऐरण, त्याही पूर्वी जबड्याच्या सांध्यातल्या. पोटातल्या बाळात हातोडी आजही आधी जबड्याला चिकटूनच वाढते. आणि आमच्या पलीकडच्या खोलीत अजून पाणीच आहे. त्या पाण्याच्या दाराशी हलत राहायचं, एवढंच माझं काम.

मोहिनीला दुसरं मूल झालं, त्यानंतर माझ्या पायाभोवती नवं हाड धरू लागलं. मी जखडले, आणि डाव्या कानातली माझी बहीणही. तिला घरातल्या हाका ऐकू येईनात. तिच्या सासूबाई साळूबाई लसणाचं कोमट तेल तिच्या कानात घालायच्या. पण मी पडद्यामागे. ते माझ्यापर्यंत येणार कसं?

गंमत म्हणजे गिरणी सुरू असली की मोहिनीला सगळं कळायचं. त्या घरघरीत गिऱ्हाईक ओरडून बोलतं, आणि घरघर तिला कमीच ऐकू यायची. दळण नीट पडतंय का, ते ती गिरणीच्या कडेला हनुवटी टेकवून ओळखायची. जबड्यातून, आमच्या जुन्या वाटेनं.

साळूबाईंनी हे पाहिलं आणि भडकल्या. "सोंग हाय समदं! गिरणीत बरं ऐकू येतं हिला. म्या हाक मारली का बहिरी!"

"नाय ओ आत्याबाई, खरंच..."

"बघा! हे ऐकलं लगेच!"

नवरा सोमा हसायचा. मोहिनी बोलेनाशी झाली. ऐकू नाही आलं तरी चालेल, पण कुणी खोटं म्हणू नये, एवढंच तिला वाटायचं.

शेवटी सासूसुना नाशिकला कान दाखवायला गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन दात्यांचा एक पोलादी काटा वाजवून कानाजवळ धरला. मोहिनीनं मान हलवली, नाही. तोच काटा कानामागच्या हाडावर टेकवला. "आला, आला आवाज!"

"सोंग नाही हे," बाई साळूबाईंना म्हणाल्या. "आतलं हाड जाम झालंय." साळूबाई पदराशी चाळा करत बसल्या.

मग ऑपरेशन झालं, माझी कमान काढली. पायाला छिद्र पाडून तिथं बारीकशी दांडी बसवली. पाय मात्र राहिला, त्याच्यावरच उभी राहून बोलतेय. तुमच्या घरात कुणी हाकेला ओ देत नसेल, तर तेलाची वाटी ठेवा बाजूला आणि कान दाखवून आणा.

परवा वीज गेली, गिरणी बंद. साळूबाई भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्या, "लय बोलले मी पोरीला."

आत भाकरी थापणारा हात थांबला. "ऐकलं बरं का, आत्याबाई."

"आता चोरून बोलायचीबी सोय राहिली नाय," साळूबाई म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

मी हललेसुद्धा नाही. दांडीनंच ते सगळं आत नेलं, पाण्यापर्यंत. चांगली आहे हो कामाला. येते मी.