तेवीस घरांना गेलेली पसंती

पहिला मेसेज गेला तेव्हा दीपमालाला वाटलं, वा, जमलं. तिसरा गेला तेव्हा तिने चहाचा कप उचलला. नववा गेला आणि तिच्या डोक्यात उजेड पडला, की हे सगळे मेसेज तिच्याच मोबाइलवर यायला हवे होते, आणि मोबाइल तर शेजारी गप्प पडलाय. मग हे चाललेत कुणाकडे?

तिने प्रोग्राम बंद करेपर्यंत आकडा तेविसावर गेला होता. जळगावातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, रविवारी सकाळी दहा वाजता, बाईसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

झालं होतं ते असं. एका वधू-वर मंडळाची वेबसाइट ती सांभाळायची. एका घराने दुसऱ्याला विचारणा पाठवायची आणि समोरून होकार आला की मेसेज जायचा: ‘अमुक स्थळाकडून पसंती आली आहे, बैठकीसाठी संपर्क साधा.’ हे काम तिला शिकवलं धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्या ईश्वरभाऊंनी. माणूस भलता शिस्तीचा. कोडमधला एवढासा बदलही वेगळा नोंदवायला लावायचा आणि नोंदीत नुसतं ‘दुरुस्ती केली’ लिहिलं तर परत पाठवायचा. चाचणीसाठी त्यांनी खोटी यादीच बनवून दिली होती. वर क्रमांक एक, वधू क्रमांक एक, आणि सगळ्यांपुढे नंबर दीपमालाचा. पण चार खोट्या नावांत काय कळणार, म्हणून हिने खरी यादी लॅपटॉपवर उतरवून घेतली, त्यातले नंबर काढून आपला टाकायचं विसरून अडकून पडलेल्या विचारणांना पटापट होकार लावले आणि बटण दाबलं. लॅपटॉप तिचा होता, पण त्याला मेसेज पाठवणारी सेवा खरीच जोडलेली होती. एवढी शिकलेली पोरगी, पण घाई झाली की शिकलेलं सगळं खुंटीला टांगायचं, ही तिची जुनी खोड.

"भाऊ, माझ्या हातून मोठा घोळ झालाय," तिने धुळ्याला फोन लावून सगळं सांगितलं.

ईश्वरभाऊ ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"आधी ती मेसेजची सेवा तोड. तोडलीस? आता तेवीस नावं कागदावर लिही. एकेकाला फोन कर, खरं सांग, माफी माग. वर आणखी मेसेज पाठवू नको. आणि कुठे अडलं तर मला विचार, स्वतःच्या मनाने काही करू नको."

तिने फोन लावायला घेतले. कुणी हसलं. चोपड्याचे एक गृहस्थ दहा मिनिटं झाडत राहिले, आमच्या पोरीचा खेळ मांडलाय का म्हणून. पारोळ्याच्या एका बापाने अगदी हळू आवाजात विचारलं, "मग समोरून नकार आहे का? विचारून तरी बघा." हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

साडेअकरा वाजता एकच नाव उरलं. पाचोऱ्याच्या पार्वताबाई. नवरा नाही, मुलगी सरिता तेहेतीस वर्षांची. देवपूरच्या एका प्राध्यापकाला त्यांनी आठ महिन्यांपूर्वी विचारणा केली होती. त्याने उत्तरच दिलं नव्हतं, आणि आज दीपमालाने त्याच्या वतीने होकार देऊन टाकला होता.

पार्वताबाईंचा फोन सारखा दुसऱ्या कॉलवर. अर्जात दुसरा नंबर मुलीच्या मामाचा, भिकामामांचा होता. तो लगेच लागला.

"ताई, तुमनं मंडळ भलतं भारी शे," मामा ऐकूनच घेईनात, अहिराणीत सुरूच झाले. "मन्ही बहीण बठ्ठास्ले साखर वाटी ऱ्हायनी. आज फैजपूरना लीलाधर नाना येणार व्हतात, त्यास्ले आते नका येवू म्हणीसन सांगी दिधं."

बहीण सगळ्यांना साखर वाटतेय आणि नानांना येऊ नका म्हणून सांगूनही टाकलंय, हे ऐकत दीपमालाने यादीत फैजपूर शोधलं. लीलाधर नानांच्या घरानेही मुलासाठी मंडळात नाव नोंदवलं होतं. मेळाव्यात त्यांनी सरिताला पाहिलं होतं, पसंतही केलं होतं, आजची बैठक म्हणजे लग्न ठरल्यातच जमा होतं. "मामा, नंतर बोलते," म्हणत तिने फोन ठेवला. नानांची मंडळी फैजपूरला पोचायच्या आत त्यांना परत पाचोऱ्याकडे फिरवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ईश्वरभाऊंना विचारावं असं एकदा मनात आलं. पण तेवढा वेळ कुठे होता?

नानांची गाडी जळगावहूनच माघारी वळली होती.

"नाना, मंडळाच्या वेबसाइटकडून बोलतेय. तुम्ही पाचोऱ्याला जा. त्यांना देवपूरच्या स्थळाची पसंती चुकून गेली, चूक माझी आहे. त्या मेसेजमुळेच त्यांनी तुम्हाला थांबवलं."

पलीकडे गाडी थांबल्याचा आवाज आला.

"कोणता मेसेज?" नाना म्हणाले. "आम्हाला तर सुतक सांगितलं. चुलत सासू वारली म्हणाल्या पार्वताबाई."

दीपमाला खुर्चीतून उठून उभी राहिली. "नाना, माझं ऐका जरा—"

"ऐकलं की. सांगितलंस ते बरं केलंस, पोरी. जरा बरं स्थळ दिसलं की जी माणसं जित्या सासूला मारतात, त्यांच्याशी आम्हाला सोयरीक नको."

फोन बंद झाला. तिने परत लावला, त्यांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा लावणार तोच पाचोऱ्याहून फोन आला.

"मी सरिता," पलीकडची बाई म्हणाली. "मामा म्हणाला, तुम्ही बोलता बोलता फोन ठेवलात. काही चुकलंय का?"

दीपमालाने सगळं सांगितलं. फैजपूरचंही सांगितलं, काही लपवलं नाही. मागे कुणीतरी हसत होतं, कपबश्या वाजत होत्या.

"मेसेजचं राहू द्या," सरिता म्हणाली. "आठ महिने जो बोलला नाही तो आज कसा बोलेल, मलाही खरं वाटत नव्हतं. पण आईने सुतक सांगितलं होतं हो. तेरा दिवसांनी त्यांना परत बोलावता आलं असतं. त्यांना फोन करायच्या आधी आम्हाला का नाही विचारलंत?"

"मला लवकर नीट करायचं होतं."

सरिताने आईला हाक मारली. मग म्हणाली, "आईला तुम्हीच सांगा. माझ्याने होणार नाही."

फोन या हातातून त्या हातात गेला, आणि पार्वताबाईंचा हसरा आवाज आला, "बोल व माय."